जावाची एलटीएस आवृत्ती आणि तुमची प्रणाली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या ८ या जुन्या आवृत्तीवरून पुढे कसं जायचं, आणि गेल्यावर दर दोन वर्षांनी तीच धावपळ कशी टाळायची, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (पुणे) : आमच्याकडे सगळं जावा १७ वर चालतं. आता २१ घ्यावं की थेट २५? आणि ज्या आवृत्त्या एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) नाहीत त्या कच्च्या असतात का?

कच्च्या नसतात. २०१७ पासून दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, जावाची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्ती त्याच चाचण्यांतून जाते. ओपनजेडीके या जावाच्या खुल्या प्रकल्पाच्या मूळ कोडमध्ये ‘एलटीएस’ अशी काही वेगळी जात नाही. एलटीएस हा वितरकाचा शब्द आहे : ‘या आवृत्तीला आम्ही अनेक वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या देऊ.’ बाकीच्या आवृत्त्यांना पुढची आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे सहा महिनेच, दुरुस्त्या मिळतात. ८ (मार्च २०१४), ११ (सप्टेंबर २०१८), १७ (सप्टेंबर २०२१), २१ (सप्टेंबर २०२३) आणि २५ (सप्टेंबर २०२५) या एलटीएस. १७ नंतर हे अंतर तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आलं, त्यामुळे पुढची एलटीएस २९ ही सप्टेंबर २०२७ ची धरून चाला.

२१ की २५, हे तुमच्या कोडवर कमी आणि तुम्ही वापरता त्या लायब्रऱ्यांवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर) जास्त ठरतं. जावाची मालक कंपनी ऑरॅकल, तिच्या वेळापत्रकात १७ चा मुख्य सपोर्ट सप्टेंबर २०२६ पर्यंत, २१ चा सप्टेंबर २०२८ पर्यंत आणि २५ चा सप्टेंबर २०३० पर्यंत आहे. तुमची साखळी, म्हणजे फ्रेमवर्क, ॲप्लिकेशन सर्व्हर, डेटाबेस ड्रायव्हर, मॉनिटरिंगचा एजंट, बिल्डची साधनं, २५ ला अधिकृतपणे मान्यता देत असेल, तर थेट २५ वर जा. २१ वर थांबून पुन्हा चाचण्यांचा एक फेरा करण्यात काही हशील नाही. साखळीतली एकच कडी अडलेली असेल, उदाहरणार्थ एजंट अजून २१ पर्यंतच आहे, तर २१ वर जा, पण चाचण्या २५ वरही चालू ठेवा.

व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे थोड्याच खऱ्या थ्रेडवर जावा आळीपाळीने चालवतो ते हलके थ्रेड, वापरायचे असतील तर मात्र आमचं मत स्पष्टपणे २५ च्या बाजूने आहे. २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला प्रवेश असलेल्या कोडमध्ये) असताना थांबला की खालचा खरा थ्रेडही अडकून बसतो. जुन्या ड्रायव्हरांमध्ये असे ब्लॉक भरपूर असतात. ताण वाढला की सगळे खरे थ्रेड अडकतात आणि सीपीयू रिकामा असूनही प्रणाली गोठते. ही अडचण २४ मध्ये सोडवली गेली, म्हणजे एलटीएसमध्ये ती २५ पासून सुटली.

प्रश्न (ठाणे) : ‘जावा आता विकत घ्यावा लागतो’ असं लेखा विभागाला कुणीतरी सांगितलं आहे. नेमकं काय?

जावा विकत घ्यावा लागत नाही. ऑरॅकलने बांधलेलं जेडीके (जावाचे प्रोग्राम बनवण्याचा आणि चालवण्याचा संच) ठरावीक परिस्थितीत विकत घ्यावं लागतं. ऑरॅकल जेडीके ८ व्यावसायिक वापरासाठी विनाशुल्क मिळण्याचा शेवटचा टप्पा जानेवारी २०१९ मधलं अपडेट २०२. त्यानंतरची अपडेट प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीवर) टाकली असतील तर परवाना तपासा. १७ पासून ऑरॅकलने पुन्हा विनाशुल्क परवाना दिला, पण तो पुढची एलटीएस आल्यानंतर एक वर्षापुरताच. म्हणून जेडीके १७ मध्ये १७.०.१२ (जुलै २०२४) हे शेवटचं मोफत अपडेट, आणि २१ ची हीच मोकळीक सप्टेंबर २०२६ पर्यंतची. इथेच लोक फसतात. सर्व्हरवर आपोआप अपडेट चालू असतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये १७.०.१३ येऊन बसतं, आणि परवाना बदलला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जानेवारी २०२३ पासून ऑरॅकलचं जावाचं नवं वर्गणीशुल्क सर्व्हरवर नव्हे तर कंपनीतल्या एकूण कर्मचारीसंख्येवर मोजलं जातं. त्यामुळे एका सर्व्हरवरची चूकही महागात पडते.

त्याच कोडपासून बांधलेली, चाचणी झालेली मोफत जेडीके आहेत : एक्लिप्स ॲडॉप्टियमचं टेमुरिन, ॲमेझॉनचं कोरेटो, अझुलचं झुलू, मायक्रोसॉफ्टचं आणि रेड हॅटचं बिल्ड. यापैकी एक निवडा आणि संपूर्ण कंपनीत तेच ठेवा. बदलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते : जुन्या जेडीकेच्या ‘केसर्ट्‌स’ फाइलमध्ये कुणीतरी हाताने घातलेली प्रमाणपत्रं. नव्या जेडीकेत ती नसतात, आणि पहिल्याच दिवशी बँकेच्या किंवा सरकारी सेवेच्या जोडणीत टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची ओळख) अपयशी होतो. जुन्या फाइलमधल्या नोंदींची यादी कीटूल या जेडीकेतल्या साधनाने काढा, नव्या यादीशी ताडा आणि जादा असतील त्या वेगळ्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये) ठेवा. तो ट्रस्टस्टोअर जेडीकेच्या फोल्डरबाहेर असला की पुढच्या वेळी हा प्रश्न उद्भवतच नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : पतसंस्थांसाठीचं आमचं सॉफ्टवेअर जावा ८ वर आहे. कोड मोठा आहे, माणसं चारच. कोणत्या क्रमाने जावं?

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : कोणत्या जेडीकेवर चालवता, कोणत्या पातळीवर कंपाइल करता, आणि कोणतं फ्रेमवर्क वापरता. तिन्ही एकाच वेळी बदलल्या तर बिघाड कशामुळे झाला ते सांगता येत नाही, आणि मागे यायचं झालं तर सगळंच मागे घ्यावं लागतं. चार माणसांच्या गटाला हे परवडणारं नाही.

सुरुवात यादीपासून करा. प्रत्येक सर्व्हरवर कोणतं जेडीके, जेव्हीएमचे (जावाचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागाचे) कोणते फ्लॅग, कोणत्या जार फाइल (कंपाइल केलेल्या कोडचे गठ्ठे). जार फाइलींवर ‘जेडेप्स’ हे जेडीकेसोबत येणारं साधन ‘जेडीके-इंटर्नल्स’ पर्यायासह चालवा. तुमचा किंवा लायब्ररीचा कोड जावाच्या आतल्या खासगी वर्गांना कुठे हात घालतो ते ते दाखवतं आणि शक्य तिथे पर्यायही सुचवतं. सन-मिस्क मधला बेस६४एन्कोडर हा नेहमीचा सापडणारा. तो ९ मध्ये गेला, पण जावा-युटिल मधला बेस६४ हा वर्ग ८ पासूनच आहे. म्हणजे ही दुरुस्ती आजच, ८ वर असतानाच करता येते. दुसरं साधन ‘जेडेप्रस्कॅन’ : काढून टाकण्यासाठी खूण केलेल्या गोष्टींची यादी ते देतं. एक मर्यादा लक्षात ठेवा. रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून वर्ग शोधून, केलेला वापर या दोन्ही साधनांना दिसत नाही. तो चालवून पाहिल्यावरच कळतो.

त्यानंतर लायब्रऱ्या वाढवा, पण अजून ८ वरच. ८ आणि १७ दोन्हीवर चालतील अशा शेवटच्या आवृत्त्या घ्या. स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क वापरत असाल तर २.७ ही ती पायरी. तिला ८ चालतं आणि १७ ही चालतं. हा बदल ८ वरच प्रॉडक्शनला जाऊ द्या आणि महिनाअखेरीचं व्याज, लाभांश, दैनंदिन बचत ही सगळी कामं त्यावर एकदा होऊ द्या.

मग ८ ने कंपाइल केलेली तीच जार, काहीही न बदलता, जेडीके १७ वर चालवा. इथे अडचणी साधारण या क्रमाने येतात.

पहिली : जेव्हीएम सुरूच होत नाही. सुरुवातीच्या स्क्रिप्टमधले जुने फ्लॅग. सीएमएस हा कचरा-संकलक (न वापरातली मेमरी मोकळी करणारा भाग) १४ मध्ये काढला गेला, त्यामुळे त्याचा फ्लॅग १७ ओळखतच नाही. मॅक्सपर्मसाइझ ८ मध्ये सूचना देऊन दुर्लक्षिला जात होता, १७ मध्ये तो थेट चूक ठरतो. जीसी-लॉगचे (कचरा-संकलनाच्या नोंदींचे) जुने फ्लॅग (प्रिंट जीसी डेटस्टॅम्प्स, लॉगफाइल रोटेशन) ९ पासून गेले, त्यांच्या जागी ‘एक्सलॉग’ आला. फ्लॅगांचं भाषांतर करत बसू नका. सगळे काढा, फक्त हीपची (प्रोग्रामच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीची) मर्यादा ठेवा आणि मोजमाप करून गरज पडेल तोच परत घाला. दहा वर्षांपूर्वी पॅरलल संकलकासाठी लावलेले आकडे आताच्या जी१ या संकलकाला बहुधा उपयोगाचे नसतात.

दुसरी : वर्ग सापडत नाही. एक्सएमएलसाठीचं जॅक्सबी, सोप वेब-सेवांसाठीचं जॅक्स-डब्ल्यूएस आणि कॉर्बा ११ मध्ये जेडीकेतून काढले गेले. जॅक्सबी लायब्ररी म्हणून स्वतंत्रपणे जोडा, पण आवृत्ती २.३ च्या मालिकेतलीच घ्या. ३ आणि त्यापुढच्या मालिकेत पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ ऐवजी ‘जकार्ता’ आहे. सगळ्यात नवी म्हणून ४ जोडली तर लायब्ररी असूनही वर्ग सापडत नाही, आणि माणूस दिवसभर मेव्हन या बिल्डच्या साधनाच्या कॅशेला दोष देत बसतो. फक्त एपीआयची जार जोडूनही भागत नाही, प्रत्यक्ष काम करणारी रनटाइमची जारही लागते.

याच गटात एक मुकी चूक आहे, आणि ती जास्त धोक्याची. ‘पोस्टकन्स्ट्रक्ट’ ही अ‍ॅनोटेशनही (कोडवर लावायची खूण) त्याच वेळी जेडीकेतून गेली. वर्ग सापडला नाही तर चूक येते, पण अ‍ॅनोटेशनचा वर्ग सापडला नाही तर जेव्हीएम ती गुपचूप गाळते. परिणाम : प्रणाली सुरू होते, पण सुरुवातीला व्याजदरांचा तक्ता भरून घेणारी मेथड कधी चालतच नाही. जावाएक्स-अ‍ॅनोटेशनची १.३ मालिकेतली जार जोडली की सुटतं. सुरू झालं म्हणजे जमलं, असं समजू नका. सुरुवातीला काय काय भरलं जायला हवं त्याची तपासणी चाचणीत ठेवा.

तिसरी : ‘इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन’. ९ ते १५ पर्यंत जावाच्या अंतर्गत वर्गांत रिफ्लेक्शनने शिरल्यावर बहुतेक वेळा फक्त सूचना मिळायची. १६ मध्ये मूळ नियम मनाईचा झाला, आणि १७ मध्ये मनाई उठवणारा सरसकट पर्यायही गेला. उपाय दोन : लायब्ररी वाढवणं किंवा ‘ॲड-ओपन्स’ने तेवढंच पॅकेज उघडून देणं. दुसरा तात्पुरता समजा. प्रत्येक ॲड-ओपन्सशेजारी तो कोणत्या लायब्ररीसाठी आणि तिच्या कोणत्या आवृत्तीनंतर काढायचा, हे लिहून ठेवा. तसं लिहिलं नाही तर ती यादी पाच वर्षांनीही तिथेच असते आणि काढायची हिंमत कुणालाच होत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या पण वेळ खाणाऱ्या आणखी काही गोष्टी : आवृत्तीचा मजकूर ८ मध्ये ‘१.८.०’ असा होता, आता ‘१७.०’ असा असतो, त्यामुळे ‘१.’ शोधणाऱ्या स्क्रिप्ट चुकतात. टूल्स-जार आणि आरटी-जार नाहीत. ‘लिब-एक्स्ट’ फोल्डरही गेलं, त्यात टाकलेले ड्रायव्हर क्लासपाथवर (जावा वर्ग शोधतो त्या जागांच्या यादीत) आणावे लागतात.

हे सगळं स्थिरावून एक महिनाअखेर प्रॉडक्शनमध्ये नीट गेली की कंपाइलची पातळी १७ करा. त्याआधी करू नका, कारण जोपर्यंत जार ८ च्या पातळीची आहे तोपर्यंत जुन्या जेडीकेवर परतणं म्हणजे फक्त एक पाथ बदलणं असतं. फ्रेमवर्कची मोठी उडी सगळ्यात शेवटी.

प्रश्न (हैदराबाद) : जेडीके २१ वर कंपाइल करताना लॉम्बॉककडून ‘जेसीइम्पोर्ट मध्ये क्वालिड हे फील्ड नाही’ अशी चूक येते. दुसऱ्या प्रकल्पात ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’. दोन्हींचा संबंध आहे का?

मूळ एकच : कोड वाचणारं किंवा बदलणारं साधन जेडीकेपेक्षा जुनं आहे. लॉम्बॉक (गेटर-सेटरसारखा ठरावीक कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) थेट कंपायलरच्या पोटात शिरून काम करतो. २१ मध्ये कंपायलरच्या त्या आतल्या फील्डचा प्रकार बदलला, म्हणून लॉम्बॉक किमान १.१८.३० हवा (१७ साठी १.१८.२२). दुसरी चूक बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचणाऱ्यांची. प्रत्येक क्लास फाइलवर एक क्रमांक असतो : ८ ला ५२, ११ ला ५५, १७ ला ६१, २१ ला ६५, २५ ला ६९. एएसएम, बाइट बडी यांसारख्या लायब्रऱ्या आपल्याला माहीत असलेल्या क्रमांकापुढची फाइल नाकारतात, आणि त्या मॉकिटो, जॅकोको (ही दोन्ही चाचणीची साधनं), स्प्रिंग, एजंट अशा अनेकांच्या आत दडलेल्या असतात. चूक आल्यावर छापल्या जाणाऱ्या यादीत (स्टॅक ट्रेसमध्ये) शेवटच्या ‘कॉज्ड बाय’च्या लगेच खाली कोणाचं पॅकेज आहे ते पाहा आणि त्याला वाढवा. ग्रेडल या बिल्डच्या साधनाला स्वतःला २१ वर चालायला ८.५ लागतो, २५ वर ९.१. जॅकोको २१ साठी ०.८.११, २५ साठी ०.८.१४.

२५ च्या तयारीत आणखी एक ध्यानात ठेवा. २३ पासून कंपायलर क्लासपाथवर सापडलेले अ‍ॅनोटेशन प्रोसेसर (अ‍ॅनोटेशन वाचून कोड तयार करणारी साधनं) आपणहून चालवत नाही. लॉम्बॉक किंवा मॅपस्ट्रक्ट नुसता अवलंबन (डिपेन्डन्सी) म्हणून जोडला असेल तर गेटर-सेटर सापडत नाहीत अशा शेकडो चुका एकदम येतात. घाबरू नका, कोडला काही झालेलं नसतं. मेव्हनच्या कंपायलर प्लगइनमध्ये प्रोसेसर पाथ स्पष्ट लिहा. हे आज १७ वरही चालतं, तेव्हा आजच करून टाका.

प्रश्न (नाशिक) : आम्ही लायब्ररी विकतो. ग्राहक ८, ११, १७ आणि २१ वर विखुरलेले आहेत. सोर्स आणि टार्गेट ८ ठेवून जेडीके १७ ने बिल्ड करतो. तरी एका ग्राहकाकडे बाइटबफरच्या ‘फ्लिप’ मेथडवर ‘नो सच मेथड एरर’ आला.

सोर्स-टार्गेट फक्त भाषेची आणि क्लास फाइलची पातळी ठरवतात. कंपायलर मेथड मात्र शोधतो १७ च्या वर्गसंग्रहातच. ८ मध्ये ‘फ्लिप’ ही मेथड मूळच्या बफर वर्गात होती. ९ मध्ये बाइटबफरने स्वतःची ‘फ्लिप’ आणली, जी बाइटबफरच परत देते. तुमच्या कोडमध्ये एक अक्षर न बदलता जारमध्ये या नव्या मेथडचा पत्ता लिहिला गेला. ८ वर तो पत्ताच नाही.

सोर्स-टार्गेट काढा आणि ‘रिलीज’ हा पर्याय ८ वर लावा. मग कंपायलर ८ ची वर्गयादी वापरतो आणि ८ मध्ये नसलेलं काहीही वापरलं तर तिथेच अडवतो. जेडीके २० पासून रिलीज ८ वर ‘हे जुनं झालं’ अशी सूचना येते, पण २५ वरही ते कंपाइल होतं. (७ ची सोय २० मध्येच गेली.)

कंपाइल एकदा, चाचण्या चार जेडीकेवर : त्याच जारला ८, ११, १७, २१ आणि जमल्यास २५ वर पळवा. प्रत्येक जेडीकेवर वेगळी जार बांधून तपासणं व्यर्थ आहे, कारण ग्राहकाला ती जार मिळतच नाही. नव्या जेडीकेवर वेगळा कोड हवाच असेल तर मल्टी-रिलीज जार (एकाच जारमध्ये आवृत्तीनुसार वेगळे वर्ग) हा मार्ग आहे, पण तो एखाददुसऱ्या वर्गापुरता ठेवा. आणि ८ ला किती काळ सांभाळणार ते ग्राहकांना तारखेसह आधीच कळवा. किमान एक वर्ष आधी सांगितलं की त्यांच्या अंदाजपत्रकात ते बसतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमच्या प्रणालीत मराठी नावं, मराठी पावत्या आहेत. जेडीके बदलल्यावर कुठे प्रश्नचिन्हं, कुठे आकडेच मराठी झाले. यावर कुठेच नीट माहिती मिळत नाही.

हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक प्रणालीला लागू आहे, आणि यात दोन स्वतंत्र बदल मिसळले आहेत.

एक, अक्षरसंकेत. १७ पर्यंत जावाचा मूळ अक्षरसंकेत ऑपरेटिंग सिस्टीम ठरवायची. विंडोजवर तो बहुधा १२५२ हा पश्चिम युरोपीय संच असायचा आणि त्यात देवनागरी नाही. फाइलरायटरने ‘सुनीता’ लिहिलं की फाइलमध्ये प्रश्नचिन्हंच जायची, आणि ती परत कधीच अक्षरं होत नाहीत. लिनक्सवर क्रॉन किंवा कंटेनरमध्ये लँग हे चल ‘सी’ असेल तरी तेच व्हायचं. १८ पासून, म्हणजे एलटीएसमध्ये २१ पासून, सगळीकडे यूटीएफ-८ हाच मूळ संकेत आहे. नव्या फाइलींसाठी हे उत्तमच, पण जुन्या संकेतात लिहिलेल्या फाइली २१ वर चुकीच्या वाचल्या जातात. तपासायला २१ ची वाट पाहायची गरज नाही : आजच्या १७ वर ‘फाइल.एन्कोडिंग’ यूटीएफ-८ करून चाचण्या चालवा, जे मोडेल ते २१ वर मोडणारच आहे. दुरुस्ती म्हणजे रीडर, रायटर आणि बाइटमधून मजकूर करणाऱ्या प्रत्येक जागी संकेत स्पष्ट लिहिणं. २१ वर ‘कॉम्पॅट’ असं मूल्य देऊन जुनी रीत परत आणता येते, पण ती सवलत थोडे दिवसच वापरा. एक कोपरा मात्र अजूनही ऑपरेटिंग सिस्टीमकडेच आहे : फाइलींची नावं. ‘पावती_सुनीता’ अशा देवनागरी नावाच्या फाइली करत असाल तर २१ वरही कंटेनरमध्ये लँग ‘सी.यूटीएफ-८’ ठेवावा लागतो.

दोन, स्थानिक मांडणी. ८ मध्ये जावाची स्वतःची जुनी माहिती वापरली जायची आणि तिच्यात मराठी नव्हतीच. त्यामुळे मराठी-भारत लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) दिलं तरी आकडे रोमनच यायचे. ९ पासून युनिकोडचा सीएलडीआर हा संग्रह मूळ झाला, आणि त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत. हिंदीचं नेमकं उलट झालं. ८ मध्ये हिंदी-भारत लोकेलला देवनागरी अंक यायचे, सीएलडीआरमध्ये हिंदीचे मूळ अंक रोमन आहेत. पावतीवर ‘१२५०’ छापलं गेलं तर उत्तमच. पण सर्व्हरचं मूळ लोकेलच मराठी असेल तर ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’ने बनवलेला खातेक्रमांक, फाइलचं नाव, दुसऱ्या प्रणालीला पाठवायची रक्कम यांतही देवनागरी अंक शिरतात आणि पलीकडची प्रणाली त्या नाकारते. नियम सोपा ठेवा. माणसासाठी मांडणी करताना मराठी लोकेल स्पष्ट द्या, यंत्रासाठी करताना ‘लोकेल.रूट’ स्पष्ट द्या. मूळ लोकेलवर काहीच सोडू नका.

लाख-कोटींचा स्वल्पविराम मात्र सीएलडीआर आल्यानेही मिळत नाही. जावाचा डेसिमलफॉरमॅट एकच गटलांबी मानतो, त्यामुळे बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हे ‘१,२३४,५६७’ असं येतं. ‘१२,३४,५६७’ हवं असेल तर आयसीयू-फोर-जे ही लायब्ररी घ्या.

सीएलडीआर दर आवृत्तीत बदलतो हेही ध्यानात असू द्या. २० पासून अमेरिकन इंग्रजी वेळेत मिनिटं आणि एएम-पीएम यांच्या मध्ये साध्या जागेऐवजी अरुंद, न तुटणारी जागा येते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साधी जागा धरून तो मजकूर वाचणारा कोड अडखळतो. ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचं लघुरूप १६ पासून चार अक्षरी झालं, म्हणून तीन अक्षरं गृहीत धरणारे कोड नेमके सप्टेंबरमध्येच पडतात. जुनी मांडणी परत आणणारा ‘लोकेल प्रोव्हायडर कॉम्पॅट’ २३ मध्ये काढला गेला. तो लावून २१ पर्यंत आलेल्यांना २५ आधी कोड सुधारावाच लागेल. आणि जेलिंक या जेडीकेतल्या साधनाने छोटं रनटाइम बनवत असाल तर ‘जेडीके.लोकेलडेटा’ हे मॉड्यूल घ्यायला विसरू नका. ते नसेल तर मराठी लोकेल निमूटपणे मूळ मांडणीवर घसरतं.

प्रश्न (नागपूर) : ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ करायचं म्हणजे शोधा-आणि-बदला एवढंच ना?

नाही. जावाएक्स-एसक्यूएल, जावाएक्स-क्रिप्टो, जावाएक्स-नेमिंग ही पॅकेज जेडीकेचीच आहेत, त्यांची नावं बदललेली नाहीत. सरसकट बदलाने तीही मोडतात. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन, ट्रान्झॅक्शन, मेल ही बदलतात. ओपनरीराइट या साधनात याची तयार कृती आहे, ती वापरा आणि प्रत्येक फरक डोळ्यांखालून घाला.

स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ आणि जकार्ता दोन्ही लागतात. टॉमकॅट या वेब-सर्व्हरमध्ये ९ जावाएक्सचा शेवटचा, १०.१ जकार्ताचा. सगळ्यात जपण्याची जागा : ‘ट्रान्झॅक्शनल’ अ‍ॅनोटेशन. जुनी जावाएक्स जार क्लासपाथवर उरली असेल तर कोड कंपाइल होतो, पण स्प्रिंग ६ (स्प्रिंग बूट ३ च्या आतलं फ्रेमवर्क) ती अ‍ॅनोटेशन ओळखत नाही. व्यवहार सुरूच होत नाही, आणि मध्येच चूक आली तर अर्धी नोंद डेटाबेसमध्ये तशीच राहते. बदल संपल्यावर अवलंबनांच्या झाडात जुनी जावाएक्स जार उरली तर बिल्डच मोडेल असा नियम लावा.

प्रश्न (मडगाव) : कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेतल्या नोडची (सर्व्हरची) ऑपरेटिंग सिस्टीम वाढवली आणि जावा ८ चे पॉड (कंटेनरचे गट) मेमरीअभावी मारले जाऊ लागले. कोड तोच, जेडीके तेच.

नव्या लिनक्सवर, उदाहरणार्थ आरएचईएल ९ किंवा उबुंटू २२.०४, मेमरीची मर्यादा सीग्रुप-व्ही२ (मेमरी, सीपीयू वाटून देण्याची लिनक्समधली सोय) ने ठरते. जुन्या जेडीकेला ती वाचता येत नाही. ६४ जीबीच्या नोडवर २ जीबीचा पॉड असेल तर जेव्हीएम ६४ च्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे १६ जीबीपर्यंत, हीप धरून चालतं आणि २ जीबी ओलांडताच कर्नल त्याला मारतो. व्ही२ ची ओळख जावा १५ मध्ये आली आणि ती ८ च्या अपडेट ३७२ मध्ये व ११.०.१६ मध्ये मागे नेली गेली. तेवढं किंवा त्यापुढचं अपडेट टाका. एलटीएसवर असणं आणि एलटीएसचं ताजं अपडेट लावणं यांतला फरक इथे कळतो. दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात, त्या महिन्यांत चाचणीचा आठवडा राखूनच ठेवा.

जाता जाता : एकच सीपीयू किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिलेल्या पॉडमध्ये या सगळ्या आवृत्त्या नेहमीच्या संकलकाऐवजी (८ मध्ये पॅरलल, पुढे जी१) सीरियल संकलक निवडतात. प्रतिसाद अचानक मंदावला तर आधी हे पाहा.

प्रश्न (सोलापूर) : डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनची डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) ३२-बिट आहे, म्हणून ३२-बिट जावा ८ सोडता येत नाही.

६४-बिट जेव्हीएममध्ये ३२-बिट डीएलएल चढत नाही, आणि ३२-बिट विंडोजचं जावा २४ मध्ये संपलं. टोकनच्या विक्रेत्याकडे ६४-बिट ड्रायव्हर मागा, बहुतेक वेळा तो असतो, फक्त बसवलेला नसतो. मिळेपर्यंत स्वाक्षरीचा भाग वेगळा काढून छोटा ३२-बिट प्रोग्राम म्हणून त्याच संगणकावर चालवा आणि मुख्य प्रणालीने त्याला स्थानिक पोर्टवर बोलावं. एकट्या टोकनसाठी सगळी प्रणाली अडवून धरू नका. ६४-बिटवर गेल्यावर एक ओळ बदलावी लागेल : ९ पासून पीकेसीएस-११ (टोकनशी बोलण्याचं मानक) प्रोव्हायडर थेट कन्स्ट्रक्टरने बनवता येत नाही. सिक्युरिटी वर्गाकडून तो घेऊन ‘कॉन्फिगर’ मेथडला फाइलचा पाथ द्यायचा.

प्रश्न (पिंपरी) : आमचं अर्धं काम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर आहे. तिथे हेच गणित चालतं का?

तिथे चक्र आखूड आहे. दर नोव्हेंबरला आवृत्ती, सम क्रमांकाची एलटीएस, तिला तीनच वर्षं. डॉटनेट ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ ला संपतो, १० चा नोव्हेंबर २०२८ ला. म्हणजे एक एलटीएस वगळून पुढच्यावर जाण्याची जावातली मुभा इथे नाही. आणि ८ साठी बांधलेला प्रोग्राम फक्त १० असलेल्या सर्व्हरवर आपोआप चालत नाही. ‘रोल फॉरवर्ड’ची (नव्या आवृत्तीवर चालण्याची) परवानगी द्यावी लागते किंवा नव्याने बांधावं लागतं. सर्व्हरवरून ८ काढण्याआधी हे पाहा.

प्रश्न (बंगळुरू) : प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी मागे फिरण्याची सोय कशी ठेवावी?

दोन्ही जेडीके सर्व्हरवर शेजारी शेजारी ठेवा आणि सेवेच्या फाइलमध्ये पूर्ण पाथ लिहा, जावा-होम (जेडीकेचा पाथ सांगणारं चल) च्या भरवशावर राहू नका. एकाच नोडवर नवं जेडीके लावून किमान एक पूर्ण व्यावसायिक चक्र जाऊ द्या : पगाराची प्रणाली असेल तर एक पगार, पतसंस्था असेल तर एक महिनाअखेर. या काळात हीप, जीसीचा थांबा, थ्रेडसंख्या आणि चुकांचा दर जुन्या नोडशी ताडत राहा. दोन्ही नोड मिळून वापरत असलेल्या कॅशेत किंवा रांगेत जावाची सीरियलाइज केलेली (बाइटमध्ये रूपांतरित करून साठवलेली) ऑब्जेक्ट असतील तर आधी तिथे जेसनसारखी उघडी मांडणी आणा. नाही तर नव्या नोडने लिहिलेलं जुन्याला वाचता येईलच असं नाही, आणि परतीची वाट नेमकी तिथेच बंद होते.